आईचे लाडू आणि शिशाची पट्टी

शुक्रवार, संध्याकाळ. करामा, दुबई.

आज अमेरिकेतल्या रेसिंग टीमचा मेल आला. स्टॉक कारच्या शर्यतींसाठी माझी निवड झाली! आईने विचारलं, "तिकडेही रेसनंतर वजन करतात का गं?"

सात वर्षं झाली, तरी ते वजन हिच्या डोक्यातून जात नाही. बारा वर्षांची होते. ज्युनिअर कार्टिंगमध्ये पहिली आले आणि गाडीसकट माझं वजन नियमातल्या किमान वजनापेक्षा किलोभर कमी भरलं. खलास, बाद. आईला वाटलं, पोरीला घरी खायला घालत नाहीत असंच चारचौघांत जाहीर झालं. तिने रोज डिंकाचे लाडू सुरू केले. इकडे बाबांनी त्यांच्या रास अल खोरच्या गॅरेजमधली, चाकांचा तोल साधायला लावतात ती शिशाची वजनं वितळवली, पट्टी केली आणि माझ्या सीटखाली बसवली. एकमेकांना कोणी काही सांगितलं नाही. पुढच्या रेसला मी इतकी जड, की शेवटून दुसरी!

लाडू थांबव म्हणायची हिंमत बाबांना कुठली? लाडू अंगी लागतील तशी ते पट्टी कापत गेले, प्रत्येक रेसआधी थोडी थोडी. मी जिंकायला लागले ती तेव्हापासून. हे मी बाबांना कधी नीट सांगितलंय का? बहुतेक नाही.

"हो आई, करतात," मी म्हटलं.

आत्ता ती डिंक तळतेय. स्टॉक कार दीड टनाची असते, लाडवांनी तिच्या वजनात काय फरक पडणार? बाबांना हे माहीत आहे. तेही काही बोलले नाहीत.