सूनबाईची पट्टी

मंगळवार, ४ मार्च

सूनबाईला आज बँडच्या तालमीत सगळ्यांदेखत बोललो. "गातेस की घसा खाकरतेस? तोंड उघड ना जरा!" क्लॅरिनेटवाला पुसलेलंच वाद्य परत पुसत बसला.

लेक गायची तेव्हा पार शेवटच्या रांगेला ऐकू जायचं. तिचं लग्न झालं, बँडमधली तिची जागा हिला दिली. मीच! हिचा आवाज खालचा, पण गोड. म्हणून तर दिली.

बुधवार, ५ मार्च

पट्टी उतरवली. लेकीची काळी पाच, हिची पांढरी चार. खालच्या आवाजाला टेकूही खालचाच हवा, त्यात काय एवढं डोकं! ट्रम्पेटवाल्यांना गप्प केलं. खर्जातले दोन ट्रॉम्बोन घेतले. आणि माझं युफोनियम, ते मांडीवर घ्यायचं पितळी धूड, तिच्या ओळीला धरून.

तरी ऐकू येईना! जोर लावायला गेली आणि आवाज चिरला.

"बाबा, मला वाटतं की..."

"वाटायचं काम माझं. तू गा."

हे लिहिताना कान तापतायत.

शुक्रवार, ७ मार्च

ढोलवाला घरी आला. बसेना. "मास्तर, राग मानू नका. रविवारी वाचनालयाचं उद्घाटन, एवढी माणसं येणार. बाहेरची कुणी बघू का गायला? सगळे तेच म्हणतायत."

म्हटलं, "एवढा रविवार होऊ दे. नाही जमलं तर काढतो तिला."

आतल्या खोलीत सूनबाईचं शिलाई मशीन चाललं होतं. ते थांबलं. परत सुरूच झालं नाही.

शनिवार, ८ मार्च

खालचा ओठ फुटला. हा एवढा सुजलाय. फुंकणं बंद! तालमीत नुसता बसून हात हलवला.

आणि सूनबाई ऐकू आली की! शब्द न् शब्द. भरदार, सावकाश, कुठे ताण नाही. ट्रॉम्बोन होते, ढोल होता — मी तेवढा नव्हतो. तिचा आवाज जिथे लागतो, बरोब्बर तिथेच माझं धूड घुमतं. पोरीच्या तोंडावर हात दाबून 'बोल, बोल' म्हणत होतो मी.

सगळं मोडून नव्यानं बसवलं. ट्रॉम्बोन ती श्वास घेते तेवढ्यापुरते. क्लॅरिनेट वरच्या सुरात, तिच्या डोक्यावरून जाईल असं. ट्रम्पेटच्या तोंडात फडका कोंबून, बारीक. युफोनियम नाही.

"का हो मास्तर?" क्लॅरिनेटवाल्यानं विचारलं.

"ओठ."

धड खोटं नाही, धड खरं नाही. तिच्याकडे बघवलं नाही.

रविवार, ९ मार्च

जमलं! माणसं उठून उभी राहिली. अध्यक्ष माझाच हात धरून हलवत होते. "मास्तर, काय बसवलंत हो!" मी मान डोलावली. डोलावतच राहिलो, निर्लज्ज! सूनबाई शेजारी उभी. तिला कुणी काही म्हणालं का? मी पाहिलंच नाही.

मंगळवार, ११ मार्च

ओठ बरा. बायको म्हणाली, "तालमीला वाद्य नाही नेत?" म्हटलं, दुखतंय अजून. या वयात शाळा बुडवणाऱ्या पोरासारखी थाप!

बुधवार, १२ मार्च

नाही राहवलं. तालमीत चहाच्या वेळी सगळ्यांना सांगून टाकलं. "हिचा आवाज बुडत होता तो माझ्या वाजवण्यानं. हिची काही चूक नव्हती."

कुणी दचकलंच नाही. ढोलवाला पेल्यात बघत म्हणाला, "माहीत होतं, मास्तर."

"कुणाला?"

क्लॅरिनेटवाला परत वाद्य पुसायला लागला. सूनबाई हळूच म्हणाली, "जाऊ द्या ना, बाबा."

म्हणजे हिलाही माहीत होतं! हिला काढा म्हणायला माझ्या दारापर्यंत आले. मला 'थांबा' म्हणायची एकाची छाती झाली नाही.