शेख बरकातचा आवाज आणि कलम चार

अल्लाचे नाव घेऊन लिहायला बसले आहे. मी, इन्शिराह अब्दुल-गफ्फार, वय एकाहत्तर, विधवा, अपत्य नाही, धंदा कार्टूनला आवाज देणे, राहणार शुब्रा, कैरो, हे मृत्युपत्र स्वखुशीने करत आहे. डोके ठिकाणावर आहे. अक्षर वाकडे आहे ते भीतीने, वयाने नव्हे. त्यावरून कोणी शंका काढू नये.

कलम एक. मिळकत म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट आणि पोस्टातली शिल्लक. दोन्ही माझ्या कमाईची. दर रमजानला, रोजा सुटला की टीव्हीवर कार्टूनमधला जो शेख बरकात येतो, फोनवरून आशीर्वादाचे पाणी विकतो, स्वतःच्याच प्रवचनात घोरतो आणि ज्याच्यापेक्षा त्याचे गाढव इमानदारीने रोजे धरते, त्याचा आवाज माझा. पडद्यामागे बाई आहे हे कळल्यावर काही लोक आणखी चिडतात. आम्ही पगडीला हसलो, नमाजाला कधीच नाही. शेखच्या तोंडी कुराणाचा एक शब्द घातला नाही, हा आमचा पहिल्या दिवसापासूनचा नियम.

कलम दोन. कायद्याने एक तृतीयांश मी मर्जीने देऊ शकते. तो हिस्सा शेजारीण उम्म सबाह हिला द्यावा. माझ्या मयतीला आंघोळ तीच घालील. हल्ली मी दार उघडण्याआधी ती जिन्यात डोकावून येते आणि म्हणते, “ये गं, कुणी नाहीये.” हे चार शब्द ऐकल्याशिवाय माझा पाय उंबऱ्याबाहेर पडत नाही.

चॅनेलच्या साहेबांना काहीही देऊ नये. तक्रारी आल्या तेव्हा ते म्हणाले होते, “शेखची पगडी काढा, लोक भडकतात.” आमचा लेखक वहीद म्हणाला, “मग गाढवाला घालू?” शेवटी शेखला लाल टोपी चढवली. डोके कुणाचे ते सगळ्या इजिप्तला ठाऊक होते, आणि शिव्या मात्र मी खाल्ल्या.

कलम तीन. जनाज्याची नमाज खालच्या मशिदीचे शेख मुतवल्ली यांनी पढवावी. ते नाही म्हणतील असे मला वाटत होते. परवा स्वतःच धापा टाकत जिना चढून आले आणि म्हणाले, “हाज्जा, तुमच्या बरकातला गाढव तरी आहे. मला या वयात पायी हिंडावं लागतं!” चहा पिऊन गेले. तेव्हा मला धोका मशिदीतून नाही, हे लिहून ठेवते.

कलम चार. उरलेले दोन तृतीयांश माझा भाऊ फिक्री, मरहूम, याचा मुलगा रागिब याला जातात. तोच एकटा वारस. मात्र ज्याच्या हातून मालकाचा जीव जातो, त्याला वारसा मिळत नाही, हाही कायदाच आहे. माझ्या वकील कौसरबाईंनी हे वाक्य रागिबसमोर मोठ्याने वाचावे.

कारण सांगते. गेल्या वर्षी तो येऊन म्हणाला, “आत्या, मला मशिदीत तोंड दाखवायला जागा राहिली नाही.”

“अरे, तुझ्या मशिदीचा शेख स्वतः हसतो!”

“शेख हसतो. माझे मित्र नाही हसत.”

त्यानंतर त्याने येणे सोडले आणि फोन सुरू झाले. “म्हातारे, या रमजानला बरकातचं तोंड बंद ठेव. नाहीतर तुझं आम्ही करू.” हनुवटी छातीला टेकवून, घशाच्या तळातून काढलेला आवाज. तो राक्षसाचा आवाज मी घडवलेला आहे. तो मी जगात एकालाच शिकवला. रागिब लहान असताना आम्ही दोघे स्वयंपाकघराच्या दारामागे लपून तसा आवाज काढायचो आणि त्याच्या आईला घाबरवायचो. पोलिसांत मी गेले नाही. नाव घ्यायला जीभच वळत नाही. मला फार भीती वाटते. त्याची वाटते, आणि आवाज मी बरोबर ओळखला असेल याचीही वाटते.

कलम पाच. बाईला कबरीत रक्ताच्या नात्यातल्या पुरुषाने उतरवायचे असते. माझ्याकडे तेवढा एकच पुरुष आहे. त्यानेच उतरवावे. उतरवताना त्याने हळू धरावे, मला लहानपणापासून पडायची धास्ती आहे.

कलम सहा. उद्यापासून मी स्टुडिओत जाणार आहे. आमच्याकडे रमजान लागला तरी रोजच्या भागाचे रेकॉर्डिंग रोजच चालते. ईदच्या चंद्रापर्यंत शेख बरकात माझ्याच आवाजात बोलला, तर कलम चारमधले फोनबद्दलचे सर्व फाडून टाकावे आणि पुन्हा कोणी त्याचा उच्चार करू नये. मध्येच आवाज बदलला, तर कौसरबाईंना काय करायचे ते माहीत आहे.

वरील मजकूर आज तीन साक्षीदारांसमोर वाचला; रागिबलाही बोलावून घेतले. वारसाची साक्ष कोर्टात चालत नाही असे कौसरबाई म्हणाल्या. मला ती कोर्टासाठी नकोच आहे. रागिब शेवटपर्यंत खाली मान घालून ऐकत होता. मग म्हणाला, “आत्या, कुठे सही करू?” आवाज त्याचा स्वतःचा होता. मी बोट दाखवले. सही करून तो दारापर्यंत गेला, कडीवर हात ठेवून थांबला आणि म्हणाला, “उद्या एकटी जाऊ नकोस. मी येतो न्यायला.”

मी हो म्हटले आहे.

साक्षीदार : कौसर शुक्री, वकील. उम्म सबाह (अंगठा). रागिब फिक्री अब्दुल-गफ्फार.

सही : इन्शिराह अब्दुल-गफ्फार
शुब्रा, कैरो. शाबान महिन्याचा शेवटचा दिवस, उद्या रमजान.