शेवटच्या बाकावरची आई

प्रिय धाकट्या,

‘आदरणीय पाळकसाहेब’ असं लिहायला घेतलं होतं, पण हसू आवरेना. ज्याचं नाक मी माझ्या फ्रॉकला पुसलं त्याला साहेब म्हणायला जीभ धजत नाही. परवा तुझा नवा सूट आमच्या लाँड्रीत आला होता, मीच इस्त्री केली. कापड उंची, अस्तर रेशमी. कॉलर मात्र घामाने पिवळी पडली होती. खोटं बोलताना एवढा घाम येतो का रे?

हल्ली चर्चमध्ये पुढच्या बाकांना देणगीदारांच्या नावाच्या पितळी पट्ट्या लागल्यात. तिथे तो पुलाचा ठेकेदार ऐसपैस बसतो आणि तू त्याच्याकडे बघत प्रवचन झोडतोस. आई शेवटच्या बाकावर. याच चर्चच्या फरश्या तिने तीस वर्षं पुसल्या, त्याच पगारावर तू पाळक व्हायला शिकलास. हे ठेकेदाराला कधी सांगितलंस? ज्या येशूचं नाव घेऊन तू पोट भरतोस तो सुतार होता, एवढं तरी सांग.

मध्यंतरी एका रविवारी तू म्हणालास, देवाचा आशीर्वाद असतो त्या घरात पैसा येतो. येत नसेल त्याने आपला विश्वास तपासावा. ठेकेदाराने सगळ्यांत जोरात टाळ्या पिटल्या. पुलाच्या कामात सिमेंट खाणाऱ्याचा विश्वास भक्कम ठरला ना! आई मात्र तेव्हापासून प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला बाकावर फिरत आला की हात न लावता शेजारणीकडे सरकवायची. मला वाटलं, पोट बिघडलं असेल. मग एकदा पायांना तेल लावून देत होते, तेव्हा तिने विचारलं, “माझाच विश्वास कमी पडला का गं?” मी परोपरीने समजावलं. पण मी पडले इस्त्रीवाली, आणि तू देवाचा माणूस. तुझी लाज वाटते मला.

दोनदा तुझ्या बंगल्यावर आले, तर तुझ्या सेक्रेटरीने वेळ ठरवून या म्हणून परत पाठवलं. म्हणून हे पत्र. आई अंथरुणाला खिळली आहे, डॉक्टर आठवडाभरापलीकडचं बोलत नाहीत. शवपेटीसाठी साठवलेले पैसे तिने एका पाकिटात घातलेत आणि तुला पाठवायला सांगितलंय, म्हणजे देवाला तिचा विश्वास दिसेल. मी ते पाठवत नाही. तिच्या उशाशीच ठेवलंय. तू सूट न घालता ये, तिच्याजवळ बस आणि आपण खोटं बोललो हे कबूल कर. तेवढं जमत नसेल, तर पाकीट तिच्या हातून स्वतः घेऊन जा.

तुझीच,
ताई