पालथा तवा

सर, तुमचं तव्याचं चित्र मागच्या रविवारी पुन्हा पाहिलं. मुर्रीच्या तुमच्या घरी धानाच्या कोठीमागे, भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं होतं. काकू आता मुलीकडे नागपूरला राहायला जाणार, म्हणून सामान आवरायला त्यांनी मला बोलावलं होतं. मी चित्र उजेडात वळवलं. पालथा तवा, शेजारी दोन वांगी, भाकरी उलटायचा एक सराटा. तव्यात काळा रंग कुठेच नाही. जाड निळा, त्यात मळकट लाल, सुरीनं ओढलेला. टेबल असं उतरतं की वांगी आता घरंगळतील. इतक्या वर्षांनीही तवा तापलेला वाटतो.

"नेतेस तं ने, नाही तं चुलीत घाल," काकू म्हणाल्या आणि खालीच बसल्या. "माह्याच हातून तवा पालथा रायला व्हता वं त्या दिवशी. पालथा तवा म्हंजे घरात मरण, हे मले मालूम नव्हतं काय? यायनं पाहिला, तसाच काढला. उन्हाळ्यात चित्र झालं, धान कापाच्या आधी माणूस गेला."

तुमच्या हृदयाचं दुखणं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, याची मी आठवण करून दिली. त्यांनी ऐकून घेतलं, एवढंच. ही बाई इतकी वर्षं हे मनात ठेवून रोज त्याच चुलीपुढे बसली, आणि मी दर दिवाळीला येऊन फराळ खाऊन गेले.

तो दिवस मला आठवतो. कॉलेजला सुट्टी आहे, मी तुमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी बसून तीच वांगी काढते आहे. काकू बोअरिंगवर पाण्याला गेल्या आहेत. तुम्ही माझ्या कागदावर वाकता. माझी वांगी गुळगुळीत, जांभळी, बाजारातल्या पोस्टरसारखी. "दिसते ते काढ बाई. मालूम हाये ते काऊन काढून राहिली?" वर्गात तुम्ही शुद्ध बोलायचात, रागावलात की गावचं. तुमच्या अंगठ्याला तव्याच्या बुडाची काजळी लागली आहे. तिचा ठसा माझ्या कागदावर उमटतो.

म्हणून मी काकूंना सांगितलं, "तवा सरांनीच पालथा केला. तुम्ही पाण्याला गेल्या होतात. मी पाहिलं."

काकू चित्राकडे बघत राहिल्या. "यायनं? आपल्या हातानं?" मला भीती वाटली, एक ओझं काढून मी दुसरं ठेवलं की काय. मग त्या एकदम चित्रावरच खेकसल्या, "कायले जी? सुलटा काढला असता तं रंग कमी पडला असता काय?" आणि बोलता बोलता पदरानं चौकटीवरची धूळ पुसू लागल्या.

चित्र मी आणलं नाही. ते नागपूरला जातंय, दोन गाद्यांच्या मधे बांधून.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, तरी तुम्ही विचारलं असतं म्हणून लिहिते. तवा पालथा होताना मी पाहिलाच नाही, सर. मी वांगी बघत होते. पाहिली ती फक्त तुमच्या अंगठ्यावरची काजळी.