८८५ किलोमीटर आणि साडेतीन तास

११ जून

"अमरावती-अकोल्याच्या मायबापहो, तुमची लेकरं बेंगळुरूत आणि तुमची मयतं इथं!" — पहिल्याच वाक्याला मंडप हलला. तिवशाची सभा. मग आकडे फेकले. अमरावती-बेंगळुरू हवेतून ८८५ किलोमीटर, रस्त्याने अकराशे, आणि थेट विमान एकही नाही! शेवटी माझा भाचा शिवम. स्वतःच्या बापाला, जानरावांना, अग्नी द्यायला पोचू शकला नाही. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. टाळ्या थांबेनात.

घरी आलो. जेवण गेलं नाही.

१२ जून

इथं तरी खरं लिही.

१४ मे. अकोल्यातला दवाखाना, सकाळचे साडेदहा. जानराव गेले. माझी बहीण सुभद्रा भिंतीला टेकून म्हणाली, "दादा, शिवमले तू फोन कर. माह्याच्यानं बोलवत नाई." मी हो म्हटलं. अकराला तिथंच, अकोल्यात, माझी सभा होती. मयत घरी न्यायला वेळ होता, सभेला माणसं येऊन बसली होती. पोराचं रडणं ऐकलं तर माझा गळा भरेल, आवाज जाईल — म्हणून फोन सभेनंतर! बोललो. उत्तम बोललो. हार, फोटो, चहा. दोन वाजता फोन केला.

बेंगळुरूहून नागपूरचं दुपारचं विमान तोवर उडालं होतं, पुढचं थेट दुसऱ्या दिवशी. ते मिळालं असतं तर रात्री नऊपर्यंत शिवम अकोल्यात असता. तेवढं सगळे थांबले असते. उद्यापर्यंत कोण थांबणार? "मे महिना हाय, ठेवता येत नाई," म्हातारे म्हणाले. मडकं जानरावांच्या पुतण्याने, नितेशने धरलं.

सुभद्राने विचारलं तेव्हा मी सांगितलं, "लगेच कळवलं होतं." साडेतीन तास गिळले आणि महिनाभर किलोमीटर ओकतो आहे.

१५ जून

सुभद्राकडे गेलो. शिवमचा फोन वाजत होता, तिने उचलला नाही.

"घे ना," मी म्हणालो.

"काहून घेऊ? तू सकाळीच सांगतलं त्याले. बाप मेला आन् हा हापिसात बसून राहिला! नितेश पुतण्या असून उभा राहिला."

"अंतर फार आहे गं."

"ते तुह्या भाषणात सांग, दादा. मले नोको."

चहा प्यायलो आणि निघालो. कपाटं भरून पुस्तकं वाचली, तोंडातून एक खरं वाक्य निघालं नाही!

१६ जून

फोन हातात घेतला. ठेवला.

१८ जून

वलगावची सभा रद्द केली. घसा बसलाय, असं कळवलं. हेही खोटं.

२० जून

शिवमचा फोन. तिवशाच्या भाषणाचा व्हिडिओ त्याने पाहिला. ओरडला नाही — ओरडला असता तर बरं झालं असतं! म्हणाला, "मामा, तुमचा फोन दोन वाजून तीन मिनिटांनी आला होता. माह्या मोबाइलमंदी आहे ते. बाबा कवा गेले, ते नितेशनं त्याच दिवशी सांगतलं होतं. आईले अजून बोललो नाई. म्हटलं, बाबा गेले, आता तिले भाऊ तरी राहू द्या."

मग म्हणाला, "आता पुरे झालं, मामा. उद्या सकाळच्या पयल्या गाडीनं अकोल्याले जा, आन् आईले टाइम सांगा."