ओट्यावरचं पातेलं

आई, काल सातपूरला आपल्या गल्लीत गेले होते. समोरच्या काकूंनी कुरडयांना बोलावलं होतं. आता कुरडया चैत्रात होत नाहीत, माघातच उरकून घेतात, आणि बाराही घरं एकदम गहू भिजवत नाहीत. आधी तीन घरं, मग आठवड्यानं पुढची तीन. एखादीचा चीक ढगाळ हवेत नासलाच तर बाकीच्या तिला आपल्यातल्या कुरडया देतात. गच्चीच्या कोपऱ्यात बचत गटानं घेतलेली ताडपत्री कायम तयार असते. पोरी मोबाईलवर हवामान बघतात. काकू अजून अंजनेरीच्या डोंगराकडे बघून घेतात आणि मग पोरींना विचारतात. नव्यानं आलेल्या एका सुनेनं विचारलं, असं तुकड्यातुकड्यात कशाला, एकदाच सगळ्यांनी करून टाकलं तर? काकूंनी माझ्याकडे हात केला. "हिच्या आईचा एकदाच अंदाज चुकला गं. त्यातनं शहाण्या झालो आम्ही." सगळ्या हसल्या, मायेनंच हसल्या. मीही हसले आणि साचा फिरवत राहिले.

मला तुझं ते पितळेचं पातेलं आठवतंय. गहू भिजवून तू ते दारापुढच्या ओट्यावर ठेवायचीस, वर पांढरं फडकं बांधून. कुणाला काही सांगायची नाहीस. ज्या दिवशी पातेलं ओट्यावर दिसेल त्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या घरांत गहू भिजायचा. तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी वाटून चीक काढायचा, पाचव्या दिवशी उजाडता उजाडता शिजवून कुरडया घालायच्या. म्हणजे आज गहू भिजवणाऱ्या बाईला पाचव्या दिवसाचं ऊन आज दिसावं लागतं. तुला ते दिसायचं. तू पिंपळगावकडची, कांदा कधी झाकायचा हे परकरात असताना शिकलेली. शेजारची मावशी तुला चिडवायची, "वेधशाळा उठली का गं?" पण स्वतःचा गहू निवडून ठेवून तुझ्या ओट्याकडेच बघत बसायची.

त्या वर्षी मला अठ्ठाविसावं चालू होतं. लग्नानंतरचा पहिला उन्हाळा, पुण्याच्या ऑफिसातून मोजून आठ दिवसांची रजा. सासरी माहेरच्या कुरडयांचा डबा न्यायचा, हे मी मनात धरूनच आले होते. तू दोन दिवस नुसती दारात उभी राहून आभाळ बघतेस. वारा ओला येतोय म्हणतेस. मामाच्या द्राक्षांवर सलग दोन वर्षं भलत्याच महिन्यात पाऊस पडलेला, ते तुझ्या मनातून जात नाही. मी रजेचं पुन्हा पुन्हा काढते. शेवटी तू पातेल्यात गहू ओततेस आणि ते स्वयंपाकघरात ओट्याखाली सरकवतेस.

"आपल्यापुरता भिजवते. आतच राहू दे," तू म्हणालीस. "आता पयल्यासारखं राह्यलं नाय. माझं मलाच कळंना, लोकांचं कशाला नासवू?"

मग तू रेशनच्या रांगेला गेलीस. दुपारी परत आलीस तेव्हा पातेलं बाहेरच्या ओट्यावर होतं, फडकं बांधलेलं. समोर काकू दारात गव्हाचं पाणी ओतत होत्या. मावशीचं भिजवून झालं होतं. तू पिशवी खाली ठेवलीस. मी म्हणाले, फरशी पुसायची होती म्हणून बाहेर ठेवलं, आत घ्यायचं राहून गेलं. तू फरशीकडे पाहिलंस, मग माझ्याकडे. "बरं," एवढंच म्हणालीस. चप्पल घालून घरोघर गेलीस. चार घरांनी अजून भिजवला नव्हता, त्यांना थांबवलंस. बाकीच्यांचा गहू ओला झाला होता, तो परत कसा सुकवणार?

पाचव्या दिवशी अकरापर्यंत चांगलं ऊन होतं. बाजांवर, धुतलेल्या साड्यांवर पांढऱ्या कुरडयाच कुरडया. बायका म्हणत होत्या, वेधशाळा उगाच घाबरली. आणि मग अंजनेरी दिसेनाशी झाली. आधी गारा आल्या. आम्ही साड्यांची टोकं धरून पळत होतो आणि कुरडया आमच्या हातात विरघळत होत्या. मावशीच्या लेकीचं लग्न महिन्यावर होतं, रुखवतातल्या कुरडयाही त्यातच होत्या. मावशी पायरीवर बसून रडली. कुणीतरी म्हणालं, पातेलं दिसलं म्हणून भिजवला, नाहीतर कशाला भिजवला असता. मी तुझ्या मागे उभी होते. मला वाटलं, आता तू सांगशील.

"माझाच अंदाज चुकला," तू म्हणालीस. आणि आपल्या घरात वर्षाला ठेवलेला गहू मावशीकडे नेऊन दिलास.

पुढच्या वर्षी तू स्वतःच दारोदार फिरलीस. माझ्या भरवशावर राहू नका, एकदम भिजवू नका, तीन-तीन घरं करा, हे तुझंच सांगणं. त्यानंतर पातेलं कधी ओट्यावर आलं नाही. वेधशाळा म्हणायचंही बंद झालं. त्यानंतरच्या वर्षी तू गेलीस. गल्लीनं तुझं ऐकलं, म्हणून आज हवा इतकी बेभरवशाची होऊनही तिथल्या एकाही घरात कुरडयांचा डबा रिकामा नसतो. हे मला काल तिथं सांगायचं होतं. त्याआधी दुसरं काहीतरी सांगावं लागलं असतं.

तुला तरी सांगते. काकूंनी त्या सकाळी विचारलं होतं, यंदा तुमचं नाही का? मी घरात आले आणि पातेलं उचललं. सगळ्यांनी भिजवला तर सगळ्या मिळून घालतील, हात जास्त लागतील आणि माझी आठव्या दिवसाची गाडी चुकणार नाही, एवढाच हिशेब केला. तू ते का लपवलंस हे मला नीट कळलं होतं.

हा कागद काकूंना वाचून दाखवेन असं ठरवून लिहायला बसले होते. आता घडी करून तुझ्या त्या पातेल्यात ठेवतेय. ते माझ्याकडे माळ्यावर आहे.

आणि आई, फरशी तर तू रेशनला जायच्या आधीच पुसून गेली होतीस.