उभारी नावाची हलकी सिस्टीम

२ फेब्रुवारी, सकाळ

कम्प्युटर घरी आला त्या संध्याकाळची आज उगाच आठवण झाली. खोकं फोडून, वायरी जोडून झाल्या, आणि बटण दाबायच्या आधी हे आत जाऊन केस विंचरून आले. मीही चष्मा पुसून घेतला. वन्सं म्हणाल्या, अरे, तो आपल्याला बघणार नाहीये, आपण त्याला बघायचंय. मग आम्ही तिघं त्या निळ्या पडद्याकडे बघत बसलो आणि चहा गार झाला. तेव्हा वन्संना आवाज होता. भरपूर होता. बालवाडीच्या बाई त्या. मागच्या खोलीतून भावाला हाक मारली की स्वयंपाकघरातल्या झाकण्या वाजायच्या.

आज तो कम्प्युटर सुरू होत नाही. काळा पडदा, डाव्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकतेय.

कारण मला माहीत आहे, पण त्याला बिघाड म्हणता येणार नाही. काल मी आतली साफसफाई केली. एक भलंमोठं फोल्डर होतं, आत ढीगभर फायली, एकीचंही नाव ओळखीचं नाही. मी ठेवलेल्या नव्हत्या, यांनी ठेवलेल्या नव्हत्या. काढून टाकल्या. कम्प्युटरने पुन्हा पुन्हा परवानगी मागितली, मी पुन्हा पुन्हा दिली. कॉन्व्हेंटमध्ये नीटनेटकेपणाचं बक्षीस कायम मला असायचं. सिस्टर इतर मुलींना माझा डेस्क दाखवायला आणायच्या. हात त्या वळणाचा आहे, त्याला कोण काय करणार.

यांना सांगितलं, मेंटेनन्स चालू आहे. हे म्हणाले, बरं.

३ फेब्रुवारी

घाबरण्यासारखं काही नाही. तरी एकदा लिहून काढते, म्हणजे डोकं शांत राहील.

कम्प्युटरमध्ये वन्संच्या गोष्टी आहेत. घशाच्या ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की आवाज परत येणार नाही. त्यांच्या सुनेला तेव्हा दिवस गेले होते. वन्सं म्हणाल्या, बाळाला माझा आवाज कुठून कळणार. मग इथे, याच टेबलाशी बसून त्यांनी गोष्टी सांगितल्या आणि मी रेकॉर्ड केल्या. आता नात गोष्टी ऐकायच्या वयाची झाली. तिच्या वाढदिवसासाठी सून महिनाअखेर येऊन सगळं घेऊन जाणार आहे. वन्संनी कॅलेंडरवर त्या तारखेला गोल केलाय.

निळ्या पेन ड्राइव्हवर दुसरी प्रत आहेच. पण नुसता पेन ड्राइव्ह हातात ठेवला तर सून विचारणार, मामी, कम्प्युटरला काय झालं. आणि मग काय झालं ते सांगावं लागणार. त्यापेक्षा कम्प्युटर सुरू केलेला बरा.

५ फेब्रुवारी

फोनवर एका माणसाचा व्हिडिओ बघितला. सोपं आहे. पेन ड्राइव्हवर एक छोटीशी सिस्टीम बसवायची. बिघडलेला कम्प्युटर त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करायचा आणि आत अडकलेल्या फायली सोडवून घ्यायच्या. सिस्टीम हलकी हवी, जुन्या मशीनला ओझं झेपत नाही. तयार मिळते, हवी तशी जुळवूनही घेता येते. मी जुळवून घेणार. तयार कपडे मला कधी बसले नाहीत.

संकल्प: आवश्यक तेवढंच. चार-पाच दिवसांत हातावेगळं. कुणाला कळायच्या आत.

६ फेब्रुवारी

शेजारच्या रिटायर्ड नर्सबाईंचा लॅपटॉप आणला. कशाला हवाय म्हणाल्या. प्रोजेक्ट आहे म्हटलं. कसला? म्हटलं, आत्ताच सांगता येणार नाही. त्या म्हणाल्या, नका सांगू, फक्त त्याच्या शेजारी चहा ठेवू नका.

ठेवला नाही. कॉफी ठेवली.

८ फेब्रुवारी

काम झपाट्याने पुढे चाललंय. मागचं चित्र निवडलं, तळ्यातली बदकं. सकाळ त्यात गेली. दुपारी नाव ठरवलं: उभारी. मनासारखं नाव पडलं की अर्धं काम झालं.

सिस्टीम उद्या.

१० फेब्रुवारी

वन्संनी टाळी वाजवून बोलावलं. एक टाळी यांना, दोन टाळ्या मला. पाटीवर लिहिलं होतं, मशीन काय म्हणतंय? मी म्हणाले, अहो, उत्तम. जरा सर्व्हिसिंग करतेय. त्यांनी ते पुसून लिहिलं, जेवताना गप्प असतेस, बरं वाटत नाही का?

मला त्यांच्याकडे बघवेना. पाटीकडे बघत म्हणाले, वन्सं, तुमचं अक्षर अजून किती वळणदार आहे.

त्यांनी लिहिलं, विषय बदलू नकोस. मग स्वतःच हसल्या, खांदे हलवत. आता तसंच हसतात.

११ फेब्रुवारी

उभारीत थोड्या सोयी घातल्या. पत्त्यांचा खेळ (फायली सुटेपर्यंत माणसाने करायचं काय). शब्दकोश. मराठी अक्षरांचे सुंदर सुंदर फॉन्ट. प्रिंटर चालवायची सोय. प्रिंटर नाही, पण कधी घेतला तर. आता उभारी छोट्या पेन ड्राइव्हवर मावत नाही. व्हिडिओतला माणूस म्हणतो, काहीतरी काढा. काढायची सवय वाईट, हे मला आता कळलंय. मोठा पेन ड्राइव्ह घ्यावा.

दुकानात जायचं तर हे विचारतील कशाला. घरात मोठा एकच आहे. निळा.

१३ फेब्रुवारी

घाई केली नाही. निळा पेन ड्राइव्ह वापरायच्या आधी त्यावरच्या वन्संच्या गोष्टी नर्सबाईंच्या लॅपटॉपवर घेतल्या. सगळ्यांवर एकदम खूण करून 'सेंड टू' आणि मग 'डेस्कटॉप'. क्षणात झालं. पडद्यावर गोष्टींची रांग लागली. प्रत्येकीच्या कोपऱ्यात एक छोटा बाण आला, सुरक्षित पोचल्याची खूण असणार. आणि वजन पाहिलं तर सगळ्या मिळून एका फोटोएवढ्याही नाहीत. आवाज हलकाच असतो म्हणा.

तरी खात्री केली. एक लावून बघितली, छत्री विसरणाऱ्या बेडकाची. वन्सं बोलायला लागल्या, अगदी त्या तेव्हाच्या वन्सं. 'बेडूकराव, बेडूकराव, आज काय विसरलात?' मी पुढे ऐकू शकले नाही. बंद केलं, डोळे धुऊन आले.

मागच्या खोलीत त्या उशीचा अभ्रा बदलत होत्या.

१४ फेब्रुवारी

उभारी निळ्या पेन ड्राइव्हवर चढवली. लॅपटॉपने विचारलं, यावरचं सगळं पुसलं जाईल, चालेल का? हो. पुन्हा विचारलं, नक्की ना? हो. यंत्रं फार भित्री असतात.

१५ फेब्रुवारी

नर्सबाई लॅपटॉप न्यायला आल्या. जाण्याआधी त्यांना कौतुकाने वन्संची गोष्ट ऐकवायला गेले, तर लॅपटॉप म्हणतो, ही वस्तू सापडत नाही. दुसरी लावली. तीही नाही. एकही नाही.

नर्सबाई म्हणाल्या, अहो, हे शॉर्टकट आहेत. शॉर्टकट म्हणजे नुसता पत्ता. वस्तू होती पेन ड्राइव्हवर, तोपर्यंत वाजलं. तिथलं आहे ना अजून?

मी म्हणाले, आहे की.

माझ्याकडे सगळ्या गोष्टींचे पत्ते आहेत. घरं पाडली गेली, एवढंच.

तरी विचार केला तर फार बिघडलेलं नाही. मूळ गोष्टी आपल्या कम्प्युटरमध्ये आहेतच, आणि त्या सोडवायलाच तर उभारी बनवली. म्हणजे सगळं ठरल्याप्रमाणेच चाललंय, फक्त मार्ग एकच उरलाय.

१७ फेब्रुवारी, दुपार

चालली. उभारी चालली. पेन ड्राइव्ह लावला, सांगितलेलं बटण दाबून धरलं आणि काळ्या पडद्यावर बदकं आली. मला सिस्टरांची फार आठवण झाली. त्या असत्या तर त्यांनी वर्गाला दाखवायला आणलं असतं.

बदकांवर एक चौकट आली: नुसती वापरून बघायची, की कम्प्युटरवर बसवायची? अर्धवट काम मला शाळेपासून आवडत नाही. बसवा म्हटलं. मग नेहमीचंच, पुसलं जाईल, चालेल का, नक्की ना.

१७ फेब्रुवारी, संध्याकाळ

कम्प्युटर आता डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच सुरू होतो. हे येऊन मागे उभे राहिले, म्हणाले, अरे वा, काय पटकन उघडला. काय केलंस? मी म्हणाले, हलका केला.

त्यात काहीही नाही. बदकं आहेत. पत्ते आहेत.

१८ फेब्रुवारी

सगळीकडे शोधलं.

१९ फेब्रुवारी

आज सांगायचं ठरवलं होतं. पण वन्संची झोप नीट झाली नव्हती. नंतर त्यांची झोप झाली, पण माझं डोकं दुखत होतं. नंतर सुनेचा फोन आला. सांगत होती की पोरगी सगळ्यांना बजावत फिरतेय, आई नाही, मामीआजी नाही, आजी स्वतः गोष्ट सांगणार आहे. वन्सं फोनच्या जवळ कान नेऊन ऐकत होत्या. मी पंखा पुसायला घेतला.

२० फेब्रुवारी

आधी यांना सांगितलं. यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली. म्हणाले, दोन्हीकडचं? म्हटलं, हो. म्हणाले, ताईला तूच सांग. मी बरोबर येतो, पण बोलायचं तू.

मी वन्संपुढे उभी राहिले, शाळेत उशिरा आलेल्या मुलीसारखी. सिस्टीम, शॉर्टकट, डिस्क असं बोलत राहिले. हे मधेच म्हणाले, अगं, सरळ सांग. मग सरळ सांगितलं. वन्सं, तुमच्या गोष्टी माझ्या हातून पुसल्या गेल्या. सगळ्या.

त्यांनी खडू उचलला, खाली ठेवला. पाटी कोरीच होती, तरी तिच्यावरून फडकं फिरवलं. मग भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या.

२२ फेब्रुवारी

दोन टाळ्या कालपासून नाहीत. एकच वाजते. चहा हे नेऊन देतात. मी स्वयंपाकघरात उभी राहून टाळ्या मोजते.

२३ फेब्रुवारी

हे आणि मी कम्प्युटर घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेलो. तो माणूस म्हणाला, पुसलेलं लगेच नाहीसं होत नाही, खाली थोडंफार उरलेलं असतं. वर नवीन काही भरलंत का? म्हटलं, थोडे फॉन्ट. त्याने सुस्कारा सोडला. म्हणाला, निघेल तेवढं काढतो, फायलींची नावं गेली असतील. हे असं केलं कुणी?

मी म्हणाले, घरातल्याच कुणीतरी.

यांनी माझ्याकडे बघितलं नाही. पण रस्ता ओलांडताना माझं कोपर धरलं.

२६ फेब्रुवारी

मिळालं ते घेऊन आलो. वन्संच्या खोलीत जायचा मला धीर होईना, म्हणून दारातच स्टूल टाकून बसले. यांनी लावलं.

दोन गोष्टी पूर्ण निघाल्या. बेडकाची अर्धी, छत्रीशिवाय घराबाहेर पडेपर्यंत. बाकी नुसती खरखर. वन्सं डोळे मिटून ऐकत होत्या, ओठ हलत होते.

मग एक खूप लांब निघालं. सुरुवातीला माझाच आवाज: वन्सं, झालं हं, बंद केलंय, आता मोकळं बोला, मी चहा टाकते. माझी पावलं लांब गेली. बंद केलेलं नव्हतंच. मग यांना खोकला येतो, आणि वन्संचा आवाज, गोष्टीतला नव्हे, घरातला: 'हिला त्यातलं ओ का ठो कळत नाही रे. लाल दिवा चालू आहे अजून, तो बघ.' हे म्हणतात, 'मग सांग की तिला.' वन्सं म्हणतात, 'कशाला? मशीनपाशी बसली की कशी फुलते बघ. नको सांगू. आणि आवाज गेल्यावर मी हिला ओरडणार कशी, हीच मला काळजी आहे. तू ओरडत जा माझ्या वतीनं. तुला जमणार नाही म्हणा, तू आहेस शेळपट.' पुढे त्या दोघांचं भाजीवरून वाजतं, वन्सं काहीतरी गुणगुणतात, शिंकतात. चहा येतो, आणि मी विचारते, काय बोलत होतात? वन्सं म्हणतात, 'तुझं कौतुक.'

हे खालमानेने बसले होते. मी उठून जाणार तेवढ्यात दोन टाळ्या वाजल्या.

आत गेले. पाटीवर लिहिलं होतं: बावळट. त्याखाली: चहा कुठाय?

२७ फेब्रुवारी

सून उद्या सकाळी येणार. कुणाला काय द्यायचं ते वन्संनी पाटीवर सांगितलं, मी इथे उतरवून घेतेय.

दोन पूर्ण गोष्टी नातीला. सुनेच्या फोनवर आणि पेन ड्राइव्हवर, दोन्हीकडे. घालून हे देतील.

बेडकाची अर्धी गोष्टही नातीलाच. पुढची वन्सं लिहून देतील आणि ती माझ्या आवाजात भरायची. मी म्हणाले, माझा आवाज कसला. त्यांनी लिहिलं, शिक्षा आहे.

कम्प्युटर यांना. उभारी आणि बदकं नर्सबाईंना दाखवायला हरकत नाही. द्यायची नाहीत, त्या घेणारही नाहीत.

ते लांब रेकॉर्डिंग. मी पुढे लिहिलं होतं, फक्त यांना. वन्संनी वहीत डोकावून पेन मागून घेतलं, ते खोडलं आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं: सगळ्यांना. सुनेला, नातीला, नर्सबाईंना, दुकानदाराला हवं असेल तर त्यालाही.

माझी प्रत वन्संच्या कपाटात राहील. ऐकावीशी वाटली तर त्यांच्याकडे मागायची. लावून हे देतील. मी हात मांडीवर ठेवून बसायचं.